ब्लाउज पीस, बंब आणि भाड्याचं घर

भाड्याच्या घरात सजावट करायची म्हणजे पहिला नियम मालकांचा, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. दुसरा नियम आमच्या बजेटचा, आणि तो पहिल्यापेक्षा कडक आहे. मग उरतं काय तर सासूबाईंच्या माळ्यावरून आलेलं सामान, माझं साड्यांचं कपाट आणि पुण्यात रद्दीवाला यायच्या आधीचे दोन दिवस.

ते रील्सवाले डेकोर व्हिडिओ मीपण बघते, रात्री झोप येईना की तेच. पण त्यांची गंमत बघा, सुरुवात होते "घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून" अशी आणि पुढे ग्लू गन, गोल्डन स्प्रे, रेझिन, एमडीएफचा गोल, आर्टिफिशियल मॉस असं करत करत एका सॉसच्या बाटलीवर सहाशे-सातशे रुपये उडतात. त्यापेक्षा सहाशेचा फ्लॉवरपॉट आणला असता की सरळ! माझं साधं आहे, ती वस्तू घरात काही काम करणार असेल तर ठेवायची, नुसती शोभेला असेल तर महिन्याभरात तिच्यावर धूळ बसते आणि ती पुसायची कोणी, तर मीच.

आणि हे काही आपल्याकडे आज आलेलं नाही हो. चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यातली तुळस कोणी बघितली नाही? जुन्या साड्यांची गोधडी, फाटक्या बनियनचं फडकं, लग्नपत्रिकांची पाकिटं उलटून त्याच्यावर वाण्याची यादी. फक्त तेव्हा कोणी त्याचे फोटो काढत नव्हतं.

सगळ्यात जास्त फायदा साड्यांनी होतो, म्हणून तेच जरा सविस्तर सांगते. साधी कॉटनची सहावारी म्हणजे साधारण 5.5 मीटर कापड, आणि रुंदी 45 इंचांच्या आसपास. दाराचा पडदा सात फुटी म्हणजे 2.1 मीटर, वर-खाली दुमडायला अजून थोडं, म्हणजे 2.3 धरा. एका साडीत दोन पडदे बसतात आणि वर पाऊण-एक मीटर उरतं. आता हे उरलेलं कुठलं असावं ते आधी ठरवायचं. सरळ मधून साडी कापली तर एका पडद्याला खाली पदर येतो आणि दुसऱ्याला काहीच नाही, ते दोन पडदे शेजारी शेजारी एकदम वेगळ्या घरातले वाटतात. म्हणून पदर पहिला कापून बाजूला ठेवायचा, तो टेबलावर किंवा टीव्हीच्या कॅबिनेटवर आडवा टाकला की मस्त दिसतो. मग राहिलेल्या कापडाचे दोन सारखे भाग. काठ दोन्ही बाजूंनी उभे येतात, वेगळी लेस लावायची गरज नाही.

दुसरं म्हणजे फॉल उसवायला विसरू नका. नेसताना तो कळत नाही पण खिडकीत उन्हासमोर साडी धरली की फॉलचा तो चार-पाच इंची पट्टा काळपट ठळक दिसतो, आणि पडदा शिवून झाल्यावर ते कळलं की फार चिडचिड होते. तो उसवलेला फॉल टाकायचा नाही, त्याच्या पट्ट्या कापून दुहेरी शिवल्या की पडदा रॉडवर अडकवायचे लूप तयार. रॉड मात्र आधीच्या भाडेकरूंनी लावलेलेच होते, देव त्यांचं भलं करो. शिलाई मशीन माझ्याकडे नाही, गल्लीतल्या टेलरने चार पडद्यांच्या सरळ शिलाईचे चारशे घेतले. हॉलचे पडदे चारशेत, अजून काय पाहिजे.

साडी निवडताना उजेडात धरून बघा. जुनी कॉटन साडी एक-दोन जागी विरलेली असतेच, तो भाग पडद्यात आला तर दोन धुण्यांत फाटणार. सिल्क उन्हाच्या खिडकीत अजिबात लावू नका, उन्हाने रेशमाचा जीव जातो, आणि वर्षानुवर्षं एकाच घडीत पडलेलं सिल्क तर घडीवरच उसवत जातं. आणि आजीची वगैरे जरीची साडी असेल तर कात्री लावायच्या आधी जर खरी आहे का ते कोणाला तरी दाखवा, खऱ्या जरीत चांदी असते, जुनी जर वजनावर घेणारे लोक असतात. त्या पैशांत नवे पडदे येतील आणि वर हॉटेलात जेवण पण होईल. पैठणीचे कुशन कव्हर बघितले की मला तरी पोटात गोळा येतो, पण ज्याची त्याची पैठणी.

पश्चिमेच्या खिडकीला एकेरी साडी पुरत नाही, दुपारी चारला हॉल भट्टी होतो, तिथे मागून जुनी डबल बेडची चादर अस्तर म्हणून लावली आहे. चादरीचं डिझाईन भयंकर होतं, मोठे मोठे मोर, पण ते आता बाहेरच्यांना दिसतात, आम्हाला नाही.

आता ब्लाउज पीस. हा विषय महाराष्ट्रातल्या कुठल्याही बाईला समजावून सांगायला नको. ओटीत आलेला पीस आपण दुसऱ्या कोणाच्या ओटीत घालतो, ती तिसरीच्या, आणि हळदीकुंकवाच्या सीझनमध्ये तोच पीस फिरून आपल्याकडे परत येतो अशी माझी दाट शंका आहे. तर हे चक्र तोडायचा उपाय म्हणजे अभ्रे. 16 इंची कुशनचा एक अभ्रा 80 सेंटीमीटरच्या पीसमध्ये आरामात होतो, पुढे एक चौकोन, मागे दोन तुकडे एकमेकांवर चढवलेले, चेन नको की बटण नको. पॉपलीन पातळ असतं म्हणून आतून जुन्या पायजम्याचं कापड लावलं. एकाच रंगाचे पीस आपल्याकडे कधीच नसतात, सगळे वेगवेगळे, तर मी काठ तेवढा सगळ्यांना सेम लावला, एका फाटलेल्या साडीचा, म्हणजे ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं.

यातच दोन खरे खण निघाले, ते बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचे असतात तसे, छोट्या बुट्ट्यांचे. ते नाही कापले. जुन्या फोटोफ्रेममधून कोणाचेतरी सत्काराचे सर्टिफिकेट काढून (नवऱ्याचंच होतं, त्याला अजून पत्ता नाही) तिथे खण ताणून बसवला, मागे पुठ्ठा, कडेने फेविकॉल नाही लावायचं, नुसती टाचणी किंवा टाका, म्हणजे उद्या खण परत काढता येतो. फ्रेम भिंतीवर टांगायची नाही मालकांच्या कृपेने, म्हणून कपाटावर टेकवून ठेवली आहे. टेकवलेली फ्रेम टांगलेल्यापेक्षा बरी दिसते असं माझं आता मत झालंय.

सासूबाई चिपळूणच्या, त्यांचं घर आवरताना ज्या वस्तू आल्या त्यात तीन चिनी मातीच्या बरण्या होत्या, पिवळट-पांढऱ्या, फूटभर उंच, एकीला चीर गेलेली. चीर गेलेल्या बरणीत लोणचं घालत नाहीत, तेल-मीठ झिरपतं. तर तिन्ही बरण्या त्रिकोणात उभ्या करून वर एक मोठा जेवणाचा पाट ठेवला, झालं बेडशेजारचं टेबल. तीनच पाहिजेत हां, चार ठेवल्या तर जमीन जरा वरखाली असली की पाट डुगडुगतो. आतमध्ये पसाभर वाळू टाकली की बुडाला वजन येतं आणि ते सहजासहजी कोसळत नाही. पाटावर कोणी बसत नाही आता, गुडघे दुखतात सगळ्यांचे, निदान मोबाईल तरी बसतोय. आई, म्हणजे सासूबाई, आल्या तेव्हा एकदा बघून म्हणाल्या, "बरणीवर पाट, वर घड्याळ, छान, आता त्याच्यावर मला पण बसव." तरी जाताना चौथी बरणी पाठवते म्हणाल्या.

रोवळीचा दिवा मात्र त्यांनाही आवडला. तांदूळ धुवायची बांबूची रोवळी, कोणी वापरत नाही, ती उलटी करून तळातून होल्डरची वायर काढली की लॅम्पशेड, आणि फटींमधून जो प्रकाश भिंतीवर पडतो तो विकतच्या शेडला येत नाही. पण यात एलईडी बल्बच, 5 नाहीतर 7 वॉटचा. आपला जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब इतका तापतो की बांबू करपेल, नको ते धाडस. वायरचं काम मी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं. बांबूला भुंगा लागतो, खाली पिवळी पावडर पडायला लागली की समजायचं, म्हणून आधी कडक उन्हात वाळवून, मग व्हार्निशचा हात मारायचा आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय दिवा लावायचा नाही.

बाटल्यांचं फार काही नाही. लेबल कोमट पाण्यात भिजवून काढायचं, चिकट राहिलं तर खोबरेल आणि खायचा सोडा चोळायचा. त्यात मनी प्लांट. पण एक गोष्ट कोणीच सांगत नाही, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पाणी आठवड्याला बदलायचंच, आणि नुसतं ओतून भागत नाही, अंडी काचेला आतून चिकटलेली असतात. मूठभर तांदूळ आणि थोडं पाणी घालून बाटली खळाखळा हलवायची, निघतात. एवढं जमणार नसेल तर मातीत लावा बाई, उगीच हॉस्पिटलचं बिल नको.

रद्दीच्या पेपरच्या टोपल्या, वॉल हँगिंग वगैरे मी करत नाही. पावसाळ्यात ओल धरतात आणि कसर लागते. जुन्या बायका कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घालायच्या कीड लागू नये म्हणून, ते करायचा पेशन्स असेल तर टोपल्या खरंच दणकट होतात, मला नाही. सीडीची फुलं आणि आइस्क्रीमच्या काड्यांचे झुंबर, ते शाळेच्या प्रोजेक्टपुरतं ठीक आहे.

गणपतीला मात्र सगळं कामाला येतं. 2018 ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हा सोसायटीत काय रडारड झाली होती की आता मखर कसं करायचं! आम्ही कपडे वाळत घालायचा स्टँड उभा करतो, त्याच्यावर दोन काठापदराच्या साड्या चुण्या घालून, टाचण्या नाही मारायच्या, जर ओढली जाते, कपड्यांचे चिमटे मागून. समोर रोवळीचा दिवा, बाजूला बरण्यांमध्ये केवडा आणि कर्दळीची पानं. खर्च फक्त फुलांचा.

राहिला तो पाणी तापवायचा बंब. तांब्याचा, दोन माणसांनी उचलायचा, नळी गळकी. चिंच आणि मीठ लावून घासला, लगेच धुवून कोरडा केला नाही तर परत डाग पडतात, आणि आता तो हॉलमध्ये मधोमध नुसता चमकत उभा आहे आणि माझ्याच नियमात बसत नाहीये. नवरा म्हणतो छत्र्या ठेवू. मी म्हणते आत दिवा लावू. आईंचं म्हणणं नळी बदला, कोळसे आणा आणि पाणी तापवा, चौथ्या मजल्यावर बाल्कनीत, आणि त्या अजिबात चेष्टा करत नाहीयेत.