सातवं नाव

फाईल बंद होऊन वर्ष होत आलं. शेत विकलं गेलं, वकिलाचं बिल भागलं, ज्याचे त्याचे पैसे ज्याला त्याला पोचले. तरी भांडी घासताना मध्येच 1910 सालच्या एका रकान्यातले दोन आकडे माझ्यासमोर येऊन उभे राहतात. म्हणून म्हटलं, लिहून तरी काढावं.

मी मिनेसोटात वारस शोधायचं काम करते. कोणी मृत्युपत्र न करता गेलं आणि मागे बायको-मुलं, भावंडं कोणीच नसलं की वकील आमच्याकडे येतो. आम्ही आजी-आजोबांपर्यंत वर चढतो आणि तिथून प्रत्येक फांदी धरून खाली उतरतो. आज हयात असलेला शेवटचा माणूस सापडेपर्यंत उतरायचं, आणि प्रत्येक पायरीला कागद लागतो. ओळखीच्यांना वाटतं मी वंशवृक्षाची चित्रं रंगवते. प्रत्यक्षात निम्मा वेळ 'हा पॅट्रिक तो पॅट्रिक नव्हे' एवढं सिद्ध करण्यात जातो.

ही केस एका शेतकऱ्याची. वय ब्याऐंशी, लग्न केलेलं नाही, एकटाच राहायचा. आयरिश शेतकरी घरांत असे ब्रह्मचारी पुष्कळ भेटतात. शेत पश्चिम मिनेसोटात, ग्रेसव्हिलपासून फार लांब नाही. एका सेक्शनचा चौथा हिस्सा, म्हणजे 160 एकर. आजोबांनी होमस्टेड कायद्याखाली पाच वर्षं राहून, कसून मिळवलेली जमीन, त्यानंतर एकदाही न विकलेली. आईकडची बाजू माझ्या सहकाऱ्याने घेतली, वडिलांकडची माझ्याकडे आली. नातेवाइकांनी यादी आधीच तयार ठेवली होती. आजोबांना सहा मुलं. त्यातला एक मृताचा बाप, एक नन झालेली, एक 1918 च्या इन्फ्लुएन्झात गेलेला. वंश उरला तीन फांद्यांचा. सोबत टाईप केलेला दोन पानी कुटुंबाचा इतिहासही होता: दुष्काळात दक्षिण आयर्लंडातल्या कॉर्कहून निघालेले आम्ही, जहाजावर दोन मुलं गेली, वगैरे.

दुष्काळाचं हे प्रकरण इथे प्रत्येक आयरिश घरात असतं. 1845 पासून पुढची सात वर्षं बटाट्यावर करपा होता, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली, हे खरंच आहे. पण 1880 साली आलेल्याचे पणतू-खापरपणतूही दुष्काळच सांगतात. आपल्याकडे प्रत्येकाचा पूर्वज पानिपतावर होता, तसंच. या घराच्या बाबतीत मात्र कॉर्कची गोष्ट खरी निघाली. ग्रिफिथच्या मोजणीत त्या आडनावाचं कूळ मूळ वाडीत सापडलं. ही मोजणी 1847 ते 1864 मध्ये कराच्या आकारणीसाठी झाली. कोण कोणाची जमीन किती कसतो ते वाडीवार लिहिलेलं आहे. आयर्लंडचं काम करणाऱ्याला तिच्यावर जीव टाकावाच लागतो, कारण जनगणना हाताशी नाहीत. 1821 पासून 1851 पर्यंतच्या चार जनगणना 1922 च्या जून महिन्यात डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत जवळजवळ संपूर्ण गेल्या. नंतरच्या चार सरकारनेच नष्ट केल्या. त्यातल्या 1881 आणि 1891 च्या तर पहिल्या महायुद्धात लगदा करायला गेल्या! पहिली पूर्ण हाती लागते ती 1901 ची. माझे वडील साताऱ्याकडे तलाठी होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "दप्तर जाळलं म्हणजे गाव जाळलं."

तर कॉर्कची बाजू चोख होती. मला खटकली ती आजी. दोन पानांत तिच्यावर एकच वाक्य होतं: 'त्यांची पत्नीही आयरिश होती.'

1900 ची जनगणना माझी सगळ्यात लाडकी. तिच्यात जन्माचा महिना आणि साल आहे, देशात आल्याचं साल आहे, आणि बाईच्या पुढे दोन रकाने आहेत: एकूण किती मुलं झाली, त्यातली हयात किती. आजीपुढे लिहिलं होतं नऊ आणि सात. देशात आल्याचं साल 1880.

सात. यादीत सहा.

सहकारी म्हणाला, मोजणाऱ्याची चूक. आणि त्याने 1910 चं पान पुढे केलं. तिथे त्याच आजीपुढे आठ आणि सहा. त्याच्या मते प्रश्न मिटला होता. माणूस वाईट नाही, पण लोकांनी इंटरनेटवर टाकलेल्या वंशावळी तो गॅझेटसारख्या वाचतो. या घराच्या तशा अकरा वंशावळी होत्या, अकरांतही सहा मुलं होती. अकरा साक्षीदार म्हणे! एकाचं बघून दहांनी उतरवून घेतलेलं. मी त्याला एवढंच विचारलं, दहा वर्षांत आईची झालेली मुलं कमी कशी होतात? हयात मुलं कमी होतील, झालेली कशी होतील?

बाबांच्या चावडीत वारसनोंदीचा अर्ज घेऊन लोक यायचे. 'वारस: दोन मुलगे.' बाबा चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "बहिणी?" उत्तर ठरलेलं. "त्या दिल्या घरी सुखी आहेत, भाऊसाहेब." लहानपणी कोपऱ्यात अभ्यास करताना मी हे इतकेदा ऐकलंय, की कुठलीही वारसांची यादी समोर आली की आधी मुली मोजते.

इथे मुली मोजल्या तर नावांनीच चुगली केली. जुन्या आयरिश घरांत नाव ठेवायची रीत ठरलेली असे. पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो, दुसरा आईच्या बापाचं. पहिली मुलगी आईच्या आईचं नाव घेते, दुसरी बापाच्या आईचं. नियम म्हणून कोर्टात चालत नाही, पण कुठे खणायचं ते सांगतो. यादीतल्या थोरल्या मुलीचं नाव कॉर्कच्या आजीचं, म्हणजे बापाच्या आईचं होतं. म्हणजे ती दुसरी असायला हवी. लग्न 1883 चं, आणि यादीतलं पहिलं मूल 1887 चं. चार वर्षं पाळणा रिकामा? मिनेसोटाने 1885 साली स्वतःची वेगळी जनगणना केली होती. तिच्यात नवरा, बायको आणि वय वर्षं एकची बार्बरा. (नाव बदललंय, पण त्याच मुलखातलं ठेवलंय.) 1895 च्या राज्य-जनगणनेत ती त्या घरात नाही. मधली 1890 ची केंद्रीय जनगणना वॉशिंग्टनच्या आगीत गेली, तेव्हा तिथे विचारण्यात अर्थ नाही.

बार्बरा हे नाव कॉर्कच्या शेतकऱ्यांत सहसा आढळत नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमारात मात्र घरोघरी असतं. तिथे माझ्या डोक्यात आजीच्या 1880 चा आणि ग्रेसव्हिलचा सांधा जुळला.

ती हकीकत या भागात अजूनही कोणी मोठ्याने सांगत नाही. 1880 मध्ये कॉनेमारात पुन्हा उपासमार होती. लिव्हरपूलचे फादर नुजंट आणि मिनेसोटाच्या राजधानीचे, सेंट पॉलचे बिशप जॉन आयर्लंड यांनी मिळून सुमारे 300 माणसं ऑस्ट्रियन नावाच्या जहाजातून गॉलवेहून बॉस्टनला आणि तिथून रेल्वेने ग्रेसव्हिलला आणली. कुटुंबागणिक 160 एकर आणि एक लाकडी घर. माणसं समुद्राकाठची, दगडातल्या टीचभर वाफ्यांवर आणि मासळीवर जगलेली, बऱ्याच जणांना आयरिशखेरीज भाषा येत नव्हती. त्यांना प्रेअरीच्या, म्हणजे गवताळ माळाच्या, काळ्या सपाट रानात सोडलं. त्या वर्षी पहिलं हिमवादळ ऑक्टोबरच्या मध्यालाच आलं. बटाटे गोठले, सरपण संपलं, घरं गळकी निघाली. वर्तमानपत्रांत भांडणं लागली: बिशपने वाऱ्यावर सोडलं की हीच माणसं आळशी? आधी आलेल्या सुस्थितीतल्या आयरिश शेतकऱ्यांनीच 'आळशी' हा शब्द सगळ्यात जोरात उच्चारला. शेवटी बहुतेकांना सेंट पॉलला नेऊन रेल्वेच्या मजुरीला लावलं. फेलन क्रीकच्या काठी त्यांच्या झोपड्यांची वस्ती झाली, तिला नावच पडलं कॉनेमारा पॅच.

आणि या घराची सतरा वर्षांची आजी त्यांतली एक. माहेर उठून सेंट पॉलला गेलं, ही मात्र कॉर्कवाल्यांच्या घरात लग्न होऊन मागे राहिली. सेंट पॉलच्या 1900 च्या पानांत, फेलन क्रीकजवळच्या एका घरात, मला सोळा वर्षांची बार्बरा सापडली. आडनाव शेतावरचं. घरप्रमुखाशी नातं: भाची. काम: लाँड्री.

सापडली म्हणजे सिद्ध झाली नाही. आडनाव सर्रास आढळणारं, वकील असल्या योगायोगावर एक डॉलर सोडत नाही. मग जानेवारीत, उणे वीस अंशांत, तीन तास गाडी हाकत मी तिच्या बाप्तिस्म्याची नोंदवही बघायला गेले.

चर्चच्या सेक्रेटरी बाई आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या. त्यांनी लोखंडी कपाटातून वही काढली, टेबलावर आधी टॉवेल अंथरला आणि वही त्यावर ठेवली. असं कोणी केलं की मला उगाचच भरून येतं. मोठमोठ्या संग्रहालयांत मी याहून हेळसांड पाहिली आहे. वही लॅटिनमध्ये. जेम्सचा जेकोबस, विल्यमचा गुलिएल्मुस. 1884 च्या पानावर बार्बरा होती, आईबापांची नावं बरोबर, धर्ममाता म्हणून आईची बहीण. तीच सेंट पॉलची मावशी. मी फोटो काढला आणि पान उलटणार, तोच समासात वेगळ्या शाईतली बारीक ओळ दिसली.

1908 पासून रोमच्या नव्या नियमानुसार लग्न लावणाऱ्या पाद्र्याने वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या गावी कळवायचं आणि तिथल्या पाद्र्याने मूळ नोंदीच्या समासात ते लिहायचं, अशी पद्धत सुरू झाली. आपल्या फेरफाराचा नंबर सातबारावर येतो तसंच म्हणा. समासात होतं: सेंट पॉल, 1909, आणि नवऱ्याचं नाव. एका ओळीत जन्म आणि लग्न दोन्ही एकाच मुलीचे. पुढचं काम सोपं होतं. नवरा रेल्वेतला, मुलं चार, नातवंडं आज पाच राज्यांत.

पण मी त्या बाकावर अंगात कोट तसाच ठेवून बसून राहिले ते वेगळ्याच कारणाने. लग्नाची चिठ्ठी 1909 मध्ये या गावात आली होती. पाद्र्याला माहीत होतं, मुलगी हयात आहे. आणि 1910 च्या एप्रिलमध्ये जनगणनेचा माणूस दारात आला तेव्हा कोणीतरी सांगितलं: आठ झाली, सहा आहेत.

कोणी? त्या काळात माहिती देणाऱ्याचं नाव लिहीत नसत. ती खूण 1940 ला आली. नवरा असेल, थोरला मुलगा असेल, आजी रानात असेल. शेजारणीने सांगितलं असेल. की तिनेच? त्याच 1910 च्या ओळीत तिची मातृभाषा 'आयरिश' लिहिलेली आहे, तेवढं कोणी लपवलं नाही. 1920 च्या पानावर मात्र त्याच बाईची मातृभाषा 'इंग्रजी' झाली आहे. आणि मुलीला पाठवलं का? मावशीला हाताखाली कोणी हवं होतं? सासरच्यांना ते तोंड नको होतं? यातल्या कशालाही कागद नाही, आणि कागद नसलेलं मी फाईलमध्ये लिहीत नाही.

त्याच दुपारी मृताच्या चुलतबहिणीकडे गेले. वय अठ्ठ्याऐंशी, त्या फांदीतल्या सगळ्यात ज्येष्ठ. कॉफी आणि लिंबाच्या वड्या आधीच मांडून ठेवलेल्या. मी 1885 चं पान दाखवलं, वहीचा फोटो दाखवला. त्यांनी भिंग घेऊन दोन्ही बघितले.

"आम्ही कॉर्कचे," त्या म्हणाल्या.

"आजोबा कॉर्कचे," मी म्हटलं.

मग बराच वेळ घड्याळच वाजत होतं. हिशेब त्यांनाही कळत होता. तीन फांद्यांच्या चार झाल्या की प्रत्येकाच्या वाट्याचं काय होतं, ते सांगायला माझी गरज नव्हती. एका पुतण्याने नंतर फोनवर मला 'इतकं खणायची काय गरज होती' असं विचारलंच. त्याला मी कायदा सांगितला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला माझी आत्या आठवत होती. जगाच्या बहिणी मोजणाऱ्या आमच्या बाबांनी तिच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. तिने ती हसत केली आणि नवी साडी नेसून एसटीने परत गेली. मी बाबांना त्याबद्दल कधी विचारलेलं नाही.

त्या बाई अखेर म्हणाल्या, "आजी रात्री अंधारात जपमाळ ओढायची. शब्द आम्हाला एकही कळायचा नाही. आई म्हणायची, लॅटिन आहे ते, झोपा."

मी गप्प राहिले. त्यांनीच विचारलं, "लॅटिन नसणार ते, नाही का?"

"मला वाटत नाही."

वारसांचं प्रतिज्ञापत्र मी सोबत नेलं होतं. आजोबांच्या मुलांचे रकाने त्यांनी आधीच, माझ्या येण्यापूर्वी, निळ्या शाईत भरून ठेवले होते. 'एकूण हयात राहिलेली मुलं' याच्यापुढे सहा. त्यांनी त्यावर रेघ मारली, वर सात लिहिलं, बाजूला आद्याक्षरं केली. मग पेन तसंच धरून मला विचारलं, बार्बराचं नाव खाली लिहायचं, की ती थोरली म्हणून सगळ्यात वर?

वर जागा नव्हती. त्यांनी समासात लिहिलं.