चांद मिनारच्या पायथ्याशी

दौलताबादच्या किल्ल्यात शिरलेल्या बहुतेकांना वर देवगिरीचा कातळ आणि त्यातली अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, पाहण्याची घाई असते, त्यामुळे वाटेतल्या चांद मिनारच्या वाट्याला एखादे छायाचित्र तेवढे येते. या खेपेस मी मुद्दाम त्याच्या पायथ्याशीच थांबलो.

मिनार आणि अजान हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे. प्रत्यक्षात इस्लामच्या आरंभी मिनार नव्हतेच. मदिनेत पैगंबरांचे सहकारी हजरत बिलाल एका उंच घराच्या छपरावरून अजान देत, असे परंपरा सांगते. ‘मनारा’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ प्रकाशाची किंवा अग्नीची जागा असा आहे आणि दीपस्तंभालाही तोच शब्द वापरला जातो. अजान देण्याच्या जागेसाठी ‘मिअझना’ हा शब्द वेगळा आहे. मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो, कारण मिनार ऐकू येण्यासाठी जितका बांधला गेला, त्याहून अधिक तो दुरून दिसावा म्हणून बांधला गेला. नवव्या शतकात इराकमधील सामर्रा येथे खलिफा अल-मुतवक्किल याने ५२ मीटर उंचीचा मिनार बांधला, त्याला बाहेरून वळसे घेत वर जाणारा चढ आहे. तिथेही हीच दृष्टी दिसते.

चांद मिनार बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहा याने १४४५ च्या सुमारास उभारला. तो चार मजली असून त्याची उंची सुमारे ६३ मीटर आहे. पायथ्याशी एक छोटी मशीद आहे. पण एवढ्या उंचीवरून दिलेल्या हाकेतले शब्द खाली स्पष्ट पोहोचणे अवघड, आणि दिवसातून पाच वेळा तेवढ्या पायऱ्या चढणे त्याहून अवघड. सज्जांच्या खाली मान वर करून उभे राहिले की त्यांना तोलून धरणारे कोरीव दगडी हात दिसतात. गोल बुंध्याबाहेर डोकावणाऱ्या सज्जाचा भार हेच हात भिंतीत उतरवतात, शिवाय त्यांच्या सावलीमुळे एका मजल्याची हद्द दुसऱ्यापासून ठळक होते. एके काळी मिनारवर इराणी धाटणीच्या निळ्या, चकाकत्या फरशा होत्या. करड्या किल्ल्यात तो निळा उभा पट्टा उन्हात कसा झळकत असेल, या कल्पनेने मी बराच वेळ तिथून हललो नाही.

इथून जवळच, छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात, मिनारचे काम पुन्हा बदललेले दिसते. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवरचे चार मिनार मधल्या घुमटाभोवती आकाशाची चौकट आखतात. एक जरी झाकून पाहिला, तरी घुमट एका बाजूला कलल्यासारखा वाटू लागतो.