गच्चीवरचा सौरसंच: अनुदान नेमकं कुठे अडतं

घराच्या गच्चीवर सौरसंच बसवायला केंद्राकडून मिळणाऱ्या पीएम सूर्यघर योजनेच्या अनुदानाचे आकडे आता बहुतेकांना पाठ आहेत. पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार रुपये. त्यावर कितीही मोठा संच बसवा, रक्कम तीच. पण हे पैसे मिळतात ते संच बसून, वीज कंपनीची तपासणी होऊन, नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) लागल्यावर. अर्ज अडतो तो मात्र बऱ्याचदा पॅनल गच्चीवर चढण्याआधीच्या गोष्टींमुळे.

आधी वीजबिल हातात घ्या. मीटर वारलेल्या वडिलांच्या किंवा जुन्या घरमालकाच्या नावावर असेल तर पहिलं काम नावबदलाचं. बिल, अर्ज आणि बँक खातं एकाच नावावर हवं. मग मंजूर भार, म्हणजे तुमच्या जोडणीला कंपनीने मंजूर केलेले किलोवॅट, बघा. जुन्या घरांत तो १-२ किलोवॅटच असतो. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासणी लागत नाही आणि गरजेची भारवाढही त्यातच धरलेली आहे. ५ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) किंवा लाइन सक्षम करावी लागली, तर तो खर्च वीज कंपनीचा. ‘रोहित्रावर जागा नाही, खर्च तुम्ही करा’ असं कुणी म्हटलं तर हा नियम लेखी दाखवा.

कोटेशनमध्ये दोन गोष्टी नीट वाचा. एक, पॅनल ‘डीसीआर’ आहेत का. म्हणजे पॅनलच नव्हे, त्यातले सेलही भारतात बनलेले हवेत. नसतील तर संच स्वस्त पडेल, पण अनुदान शून्य. दुसरी, क्षमता. पॅनलची बेरीज आणि इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) यांत जे कमी, ते अनुदानासाठी धरतात. ५४० वॅटची ५ पॅनल आणि ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर असेल तर संच २.७ किलोवॅटचा. अनुदान ७२,६०० रुपये. सहावं पॅनल घेतलं की पॅनलची बेरीज ३.२४ किलोवॅट होते, इन्व्हर्टरमुळे संच ३ किलोवॅटचा धरतात आणि पूर्ण ७८ हजार पदरात पडतात. गच्चीवर किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते.

बसवताना अर्थिंगवर तडजोड नको. डीसी बाजू, एसी बाजू आणि वीजरोधक यांचे तीन स्वतंत्र अर्थ पिट हवेत. पॅनलच्या तारा जोडणारे एमसी४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे असू द्या. वेगवेगळे जोडले की संपर्क सैल राहतो, सांधा तापतो आणि भर उन्हात जळतो.

संच चालू झाल्यावरची हमखास तक्रार: दुपारी बारा-एकला इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. दोष बहुधा इन्व्हर्टरचा नसतो. आपली वीज बाहेर जाताना लाइनचा व्होल्टेज वाढतो आणि २५३ च्या वर गेला की इन्व्हर्टरने लाइनपासून वेगळं होणं नियमानेच बंधनकारक आहे. इन्व्हर्टर ते मीटर केबल लांब आणि बारीक असेल तर आणखी काही व्होल्टची भर पडते. म्हणून इन्व्हर्टर मीटरजवळ लावा, केबल जाड घ्या. मीटरवरच व्होल्टेज जास्त दिसत असेल तर रोहित्राचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) खाली घेण्यासाठी लेखी अर्ज करा. वीज गेल्यावर संच बंद होतो, तो मात्र बिघाड नव्हे. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ती सोय आहे. त्या वेळीही वीज हवी असेल तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो.

संच बसवणारी एजन्सी योजनेच्या पोर्टलवर नोंदणीकृत आहे याची खात्री करा आणि शेवटचा हप्ता नेट मीटर लागेपर्यंत हातात ठेवा. पहिल्या बिलावर आयात आणि निर्यात, दोन्ही युनिट छापून आले आहेत का ते मीटरवरच्या आकड्यांशी ताडून बघा.