निफाडच्या वावरात मेंढ्या बसतात तेव्हा

उन्हाळ कांदा काढून झाला की निफाड तालुक्यातली वावरं पावसापर्यंत मोकळी पडतात. वाळकी पात इकडेतिकडे उडत असते, ढेकळं तापलेली असतात आणि दुपारी बारानंतर बाहेर माणूस दिसत नाही. अशा दिवसांत नाशिकला जायचा सल्ला कुणी देत नाही. मी मात्र मुद्दाम मे महिन्यातच गेले, कारण मावसबहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, फोनवर म्हणाले होते, "ताई, यंदा आपल्या वावरात मेंढ्या बसवतोय. बघायचं तर आत्ताच या, नंतर ते लोक माळाला परत निघतील." मेंढ्या बसवणं म्हणजे खतासाठी मेंढपाळांचा कळप रात्री वावरात मुक्कामाला ठेवणं.

कसाऱ्याचा घाट, नाशिकरोड स्टेशन, रामकुंडावरची गर्दी आणि गंगापूर धरणाच्या बाजूला शनिवार-रविवारी लागणारी गाड्यांची रांग, हे सगळं पार पडलं. तिथल्या एका वाईनच्या ठिकाणी गाण्यांचा आवाज इतका होता की शेजारच्या माणसाशी बोलता येईना. लोकांना तिथे काय सुख मिळतं ते मला खरंच कळत नाही. सायखेड्याची एसटी धरली तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला.

दाजींची जमीन गोदावरीपासून फार लांब नाही. कांदा, थोडा ऊस आणि एका कडेला द्राक्षाची बाग. काळी, कसदार माती म्हणून या पट्ट्याचं नाव. इथून खाली गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. हिवाळ्यात तिथे पक्षी बघायला झुंबड उडते. बंधाऱ्यात नद्यांनी वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या गाळामुळेच ती पाणथळ जागा तयार झाली. पक्ष्यांचं भलं झालं हे खरंच, पण तो गाळ आला कुठून? वरच्या वावरांची माती आहे ती. दाजी हे सांगताना नदीच्या दिशेला हात करत होते, आणि त्यांच्या आवाजात वाईट वाटल्याचं स्पष्ट कळत होतं.

मेंढ्या दिवस मावळताना आल्या. आधी धूळ दिसली, मग कुत्री, मग दीडेकशे मेंढ्यांचा कळप, मध्ये चार-सहा शेळ्या आणि मागून बिऱ्हाड लादलेली दोन घोडी. घोड्यावर भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि सगळ्यांच्या वर एक लहान मूल. म्हाताऱ्या मेंढपाळबाबांनी वावर पायाखाली घालून पाहिलं, एक कोपरा ठरवला आणि त्यांच्या मुलांनी खुंट्या ठोकून वाघूर ताणायला घेतली. वाघूर म्हणजे मेंढ्यांभोवती लावायची दोरीची जाळी. तासाभरात सगळा कळप आत, आणि कोकरं वेगळी डालग्याखाली. सुनेनं तीन दगडांची चूल मांडून बाजरीच्या भाकरी टाकल्या. मला पाहुणी म्हणून पहिला चहा मिळाला, शेळीच्या दुधाचा, गुळाचा. ज्यांचं घरच घोड्यावर आहे त्यांनी मला बसायला घोंगडी अंथरली. असा पाहुणचार मला पैसे मोजूनही आजवर मिळालेला नाही.

दाजींशी व्यवहार साधा ठरला होता. रात्रीचे अमुक पैसे आणि वर बाजरी. मी बाबांना विचारलं, "लेंडीखत तर ट्रॉलीनं विकत मिळतं, मग कळपच का बसवून घेतात?"

"लेंडी इकत मिळती ताई," बाबा म्हणाले, "पण मूत कुठं इकत मिळतं?"

इतकं नेमकं उत्तर मला कुठल्या कृषी प्रदर्शनात मिळालं नव्हतं. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का असतं, मेंढीच्या खतात सुमारे तीन टक्के. वर मूत्रातलं नत्र आणि पालाश थेट मातीत मुरतं. मेंढीचं खूर वरची कडक खपली फोडतं आणि वाळकी पात मातीत दाबतं. एका जागी रात्र-दोन रात्री झाल्या की वाघूर पुढच्या पट्ट्यात सरकते. जास्त दिवस एकाच जागी बसवलं तर पीक नुसतं माजतं, कांद्याची मान जाड राहते, असं दाजी म्हणाले. कळप हलला की दाजी वखराची एक हलकी पाळी देतात, म्हणजे उन्हात नत्र उडून जात नाही. रोटाव्हेटर मात्र त्यांनी बंद केला आहे.

सकाळी त्यांनी मला दोन ढेकळं आणून दाखवली. एक मेंढ्या बसवत आलेल्या पट्ट्यातलं, दुसरं बांधापलीकडचं, जिथे वर्षाला दोन-तीनदा रोटाव्हेटर फिरतो आणि गोणीतल्या खताशिवाय काही पडत नाही. दोन्ही सावलीत वाळवून ठेवलेली. काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेतलं आणि ढेकळं चहाच्या गाळणीत ठेवून अलगद बुडवली. पलीकडचं ढेकूळ चहातल्या बिस्किटासारखं बघता बघता सुटलं, पाणी गढूळ झालं. मेंढ्यांच्या पट्ट्यातल्या ढेकळातून बुडबुडे निघाले, कडेची थोडी माती सुटली, पण ते बराच वेळ गाळणीत तसंच राहिलं आणि पाण्यातून काचेपलीकडचं दिसत होतं. मी ते हातात घेऊन मोडलं. आत बारीक मुळं होती, गांडुळाच्या वाटा होत्या आणि कण एकमेकांना धरून होते. मातीतल्या बुरश्या आणि जिवाणू जो चिकट पदार्थ सोडतात तो हे कण बांधून ठेवतो. त्यांना खायला सेंद्रिय पदार्थ लागतो. माती सारखी भुसभुशीत केली की हवा शिरते, सूक्ष्मजीव मातीतला सेंद्रिय कर्ब झपाट्याने संपवतात आणि तो वायू होऊन उडून जातो. मग पहिल्या जोरदार पावसात वरची माती फुटते, खपली धरते, पाणी मुरायचं थांबतं आणि वाहायला लागतं. नांदूर मध्यमेश्वरचा गाळ या ग्लासात मला दिसला.

हल्ली रीजनरेटिव्ह, म्हणजे मातीचा कस परत आणणाऱ्या शेतीची शिबिरं ठिकठिकाणी होतात. त्यात पाच गोष्टी सांगतात: जमीन कमीत कमी हलवा, ती उघडी ठेवू नका, वर्षभर जिवंत मुळं राहू द्या, पिकांत विविधता आणा आणि जनावरं वावरात फिरू द्या. मी अशा शिबिराला जाऊन आले आहे. पहिल्या चार गोष्टींवर तासन्‌तास बोलणं होतं. पाचवीवर एक चित्र दाखवतात, परदेशातल्या कुरणाचं, आणि पुढे जातात. आपल्याकडे ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या करणारी माणसं रस्त्याच्या कडेनं चालत असतात, गाड्या त्यांना हॉर्न मारत असतात. त्यांच्यापैकी एकालाही व्यासपीठावर बसलेलं मी पाहिलं नाही. याचा मला मनापासून राग येतो.

दाजींच्या बागेकडे बोट करून मी विचारलं, "तिथंही बसवता का?" बाबांनी जोरात मान हलवली. द्राक्षाच्या बागेत ते कळप घालत नाहीत. "औषधं मारत्यात. जनावर मरतं." बाबांचा अनुभव शास्त्राला धरून आहे. डावण्या या द्राक्षाच्या बुरशीजन्य रोगासाठी बागेत बोर्डो मिश्रण फवारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदात तांबं असतं आणि मेंढीला तांबं सोसत नाही. ते यकृतात साठत जातं आणि एके दिवशी जनावर अचानक दगावतं. गाईला चालेल इतकं तांबंही मेंढीला जड जातं. म्हणजे ज्या पिकानं नाशिकला पैसा दिला त्याच पिकाच्या मातीपाशी मेंढी पोचू शकत नाही. बागेतल्या दोन ओळींमधली माती फवारणीच्या ट्रॅक्टरच्या फेऱ्यांनी दाबून टणक झालेली असते. मी टाच आपटली तर ठण्ण वाजलं. दाजी आता खरड छाटणीच्या काड्या जाळत नाहीत, कुट्टी करून ओळीतच टाकतात आणि मधल्या पट्ट्यात ताग पेरतात. चांगलंच आहे ते. पण फवारे कमी केल्याशिवाय ती माती पुरती उठेल असं मला वाटत नाही, आणि हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "एका डावण्यानं वर्षाचं कर्ज अंगावर येतं ताई. मला हमी कोण देणार?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडली होती, तो फटका इथले लोक अजून विसरलेले नाहीत. एकीकडे उर्वरित अंशाची भीती, दुसरीकडे रोगाची. या कात्रीतून शेतकऱ्यानं एकट्यानं सुटावं ही अपेक्षाच चुकीची आहे.

रात्री झोप अशी लागली नाही. इथल्या उसात बिबटे आहेत. कुत्री मधूनच उठून उसाच्या दिशेला भुंकायची, की बाबांचा मुलगा बॅटरी घेऊन वाघुरीला फेरी मारायचा. मेंढी गेली तर भरपाईसाठी पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला थांबायचं तर कळप एका जागी ठेवावा लागतो. चारा संपलेल्या वावरात कळप कसा थांबणार? म्हणून बरेच जण तक्रारच करत नाहीत. लोकरीला तर भावच उरला नाही. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून लोकर टाकून देतात. घोंगडी विणणारे कमी झाले. सुनेला मी मुलांच्या शाळेचं विचारलं, तर मोठा मुलगा नांदगावकडे आजीपाशी असतो म्हणाली, आणि लगेच चुलीकडे वळली. मी पुढे काही विचारलं नाही.

त्यांचं वर्ष ठरलेलं आहे. दिवाळीनंतर पश्चिमेकडे, पाऊस तोंडावर आला की पूर्वेच्या कोरड्या माळावर परत. चिखलात मेंढीची खुरं कुजतात, म्हणून पावसाच्या प्रदेशात राहता येत नाही. पण वाटेतली गायरानं राहिली नाहीत. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्यांच्या दैन्यावर लिहिताना हेच मांडलं होतं. डोंगर आणि गायरानं जंगल खात्याकडे गेली, जनावरांना चरायला जागा उरली नाही, आणि पालापाचोळ्याचं, सडक्या किड्या-जनावरांचं जे सत्त्व पावसाबरोबर शेतात उतरायचं ते ओढ्या-नद्यांवाटे वाहून जाऊ लागलं. ताली-बंधारे घालून ते अडवा, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. मातीवरचं इतकं स्पष्ट बोलणं मराठीत तेव्हापासून आहे.

परतीला घोटीला उतरले. तिथल्या एका ओळखीच्या भातशेतकऱ्याकडे काही वर्षं नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रुजवलेली सगुणा पद्धत: कायमचे गादीवाफे, साच्यानं भोकं पाडून बी टोकायचं आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. धसकट उपटून पाहिलं तर खाली गांडुळं. फक्त त्यात तणनाशक वापरतात, ते मला पटत नाही. आणखी एक गोष्ट मनाला लागली. गोठ्यात डांगी बैलांची एकच जोडी उरली होती. काळे-पांढरे ठिपके, तेलकट अंग, पाणी अंगावर ठरतच नाही. इगतपुरीच्या पावसासाठीच घडलेलं हे जनावर. चिखलणी बंद झाल्यावर बैलांना काम नाही, म्हणून मुलगा जोडी विकायची म्हणतो. नांगरापासून माती वाचली, पण शेण जाणार. गायी ठेवायच्या तर दूध कमी. मी त्याला म्हटलं, निदान शेणखतासाठी तरी ठेवा, पण चारा-पाण्याचा खर्च मला थोडाच करायचाय.

परवा दाजींचा फोन आला. मेंढ्या माळाला पोचल्या, पण जाताना अडचण झाली होती. पाणंदीवर एका बागाईतदारानं तारेचं कुंपण घातलंय, कळपाला डांबरी रस्त्यानं लांबून वळसा घ्यावा लागला आणि दोन कोकरं गाडीखाली गेली. बाबा म्हणाले, वाट मोकळी झाली तर दिवाळीनंतर येतो, नाहीतर दुसरीकडे बोलावणं आहे. गावनकाशात ही पाणंद दोन तुटक रेषांनी दाखवलेली आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदार असा अडथळा दूर करायला लावू शकतात, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो. कुंपण होऊन दोनच महिने झालेत. दाजींनी अर्ज टाकलाय, आणि त्यावर कांदेवाल्या आणखी तिघांच्या सह्या आहेत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनाही मेंढ्या बसवून हव्यात.