बद्द आवाज

गेल्या रविवारी आमच्या नेरूळच्या सोसायटीत स्ट्रक्चरल ऑडिटवाले आले होते. बिल्डिंग १९९२ची, तीस वर्षं कधीच उलटून गेलीत, दोन जनरल मीटिंगा भांडण्यात गेल्या आणि शेवटी माणसं आली एकदाची. खाली पार्किंगमध्ये एक मुलगा कॉलमचं प्लास्टर खरवडून रिबाउंड हॅमर (काँक्रीट किती टणक आहे ते बघायचं यंत्र) दाबत होता, दुसरा वहीत आकडे लिहीत होता, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "अगं, तू पीएचडी ह्याच्यातच करतेस ना? मग तूच सांग बाई, अजून किती वर्षं टिकेल आपली बिल्डिंग?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पण नंतर दिवसभर ते डोक्यातून जाईना, म्हणून आज नीट लिहून काढतेय.

माझं काम खरं तर बिल्डिंगवर नाही, कॉम्पोझिटवर आहे. म्हणजे काचेचे नाहीतर कार्बनचे धागे, थरावर थर, आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. कार्बनचा एक धागा जेमतेम ५ ते ७ मायक्रॉन जाड असतो, पण अशा थरांचा तयार झालेला पत्रा पोलादाच्या साधारण एक पंचमांश वजनाचा आणि तरी ताकदीला भारी. बोइंग ७८७ विमानाच्या सांगाड्याचं निम्मं वजन ह्याच मटेरियलचं आहे, आपल्या तेजस लढाऊ विमानातही सुमारे ४५ टक्के. फक्त ह्याची एक खोड आहे. लोखंडाला मार बसला की ते वाकतं, पोचा येतो, आपल्याला दिसतं. कॉम्पोझिटवर साधा पाना पडला तरी वरून काहीच दिसत नाही आणि आत मात्र चिरोट्याचे पदर सुटावेत तसे थर सुटलेले असतात. ह्याला डिलॅमिनेशन म्हणतात. मग त्या भागावर दाब आला की सुटलेले थर वेगवेगळे वाकतात आणि तिथूनच सगळं जातं.

आमची काचेच्या फायबरची पॅनलं रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात बनतात. तिथले मामा कित्येक वर्षं मॅटवर रेझिन मारतायत, रोलर फिरवून हवा काढतायत. पहिल्यांदा मी माझं पॅनल उचलून निघाले तर म्हणाले, "थांब पोरी, वाजवून तर घे." खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि एका टोकापासून वाजवत गेले, टक टक टक, सगळीकडे खणखणीत आणि एका कोपऱ्यात बद्द. "इथं हवा राहिलीय. हे नको नेऊस, दुसरं देतो." माठ घेताना आई करते तेच! नंतर वाचलं तेव्हा कळलं की विमानांच्या मेंटेनन्समध्येही नाणं वाजवून बघायची ही चाचणी रीतसर केली जाते.

मी जे करते ते म्हणजे मामांचं नाणं पॅनललाच कायमचं चिकटवून टाकणं. त्यासाठी पीझेडटी नावाच्या सिरॅमिकच्या चकत्या असतात, माझ्या १० मिलिमीटर व्यासाच्या आहेत, शर्टाच्या बटणाएवढ्या. दाबलं की वीज देतात आणि वीज दिली की आकार बदलतात. क्युरी बंधूंनी हा गुण स्फटिकांमध्ये १८८० साली दाखवला होता आणि आज तो घराघरातल्या गॅसच्या लायटरमध्ये आहे, तो 'टक' करून जी ठिणगी पडते ती ह्याच गुणामुळे. तर माझ्या ३० बाय ३० सेंटीमीटरच्या पॅनलवर चार चकत्या चिकटवलेल्या असतात, एकीला मी १५० किलोहर्ट्झचा छोटासा झटका देते, त्याच्या लाटा पत्र्यातून पसरतात (लॅम्ब वेव्ह म्हणतात, होरेस लॅम्ब ह्यांनी १९१७ मध्ये त्यांचं गणित मांडलं) आणि बाकीच्या तिघी त्या ऐकतात. वाटेत कुठे थर सुटले असतील तर लाट तिथे अडखळते, थोडी विखुरते, उशिरा पोचते. हा सगळा खेळ मायक्रोसेकंदांचा आहे.

नुकसान आम्ही मुद्दाम करतो, एक किलोचं गोल तोंडाचं वजन एक मीटरवरून सोडायचं, साधारण १० जूल. काचेच्या फायबरचं पॅनल मग खिडकीसमोर उजेडात धरलं की आत बत्ताशाएवढा पांढुरका डाग दिसतो. मला तो डाग बघताना दर वेळी कसंतरी होतं कारण वरून हात फिरवला तर काही लागत नाही आणि हेच कार्बनचं असतं तर काळ्याकुट्ट पत्र्यात तो डागही दिसला नसता.

आता जी गोष्ट सांगायची म्हणून लिहायला बसले ती. मागच्या एप्रिलमध्ये एका सोमवारी लॅबमध्ये आले, रीडिंग घेतलं आणि डॅमेज इंडेक्स, म्हणजे लाटा आधीपेक्षा किती बदलल्या तो आकडा, एकदम वर. ज्या पॅनलला मी अजून हातसुद्धा लावला नव्हता त्याच्यात! चार चकत्यांच्या जोड्या लावल्या की लाटेच्या सहा वाटा होतात, सहाच्या सहा बदललेल्या. मला वाटलं कोणाच्या हातून पडलं असणार. नाणं घेऊन पूर्ण पॅनल वाजवलं, उजेडात धरलं, सगळीकडे खणखणीत, डाग कुठेच नाही. दोन दिवस मी वायरी, सोल्डरिंग, चकत्यांचा गोंद सगळं तपासत बसले आणि मग सरांनी विचारलं, "तापमान किती होतं?" एसी मेंटेनन्ससाठी शनिवारपासून बंद होता. २४ डिग्रीत राहणारं पॅनल ३३ ला गेलं होतं, रेझिन थोडं मऊ पडलं होतं आणि सगळ्या लाटा थोड्या थोड्या उशिरा पोचत होत्या. खरं नुकसान असतं तर त्याच्याजवळून जाणाऱ्या एक-दोन वाटा जास्त बिघडल्या असत्या, सहाही वाटा अशा एकसारख्या सरकल्या नसत्या. हे मला पहिल्या दिवशीच दिसायला हवं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आधीच्या चार महिन्यांच्या डेटात मी तापमानाचा कॉलमच ठेवला नव्हता, त्यामुळे तो सगळा डेटा परत घ्यावा लागला.

आता प्रत्येक पॅनलला तापमान मोजणारं थर्मोकपल आहे. पॅनल धडधाकट असताना २२ पासून ३८ डिग्रीपर्यंत दर डिग्रीला एक रीडिंग घेऊन ठेवते, त्याला बेसलाइन म्हणतात, आणि नंतरचं कुठलंही रीडिंग त्याच तापमानाच्या बेसलाइनशी लावून बघते. पुलांचंही असंच आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अलामोसा कॅन्यन पुलाच्या कंपनांची मोजणी १९९०च्या दशकात झाली, तेव्हा त्याची पहिली फ्रीक्वेन्सी (पूल आपसूक सेकंदाला किती वेळा थरथरतो तो आकडा) एका दिवसात, नुसत्या उन्हातान्हाने, सुमारे ५ टक्के बदलताना दिसली. छोट्या तड्याचा परिणाम त्याहून कमी असू शकतो, म्हणजे तो उन्हातच लपून जाईल.

म्हणून काकूंना मला त्या दिवशी पटकन उत्तर देता आलं नाही. आमच्या विषयात अँडर्स रिटर ह्यांनी १९९३ मध्ये सांगितलेल्या चार पायऱ्या सगळे धरतात: नुकसान आहे का, कुठे आहे, किती आहे, आणि अजून किती दिवस चालेल. काकू थेट चौथ्या पायरीचं विचारत होत्या, आणि माझं तापमान सांभाळून ठेवलेलं ३० सेंटीमीटरचं पॅनलसुद्धा मला अजून तिथपर्यंत पोचवत नाही.

दुपारी त्या मुलांनी अल्ट्रासोनिक टेस्ट काढली. कॉलमच्या दोन्ही बाजूंना ग्रीस लावून दोन प्रोब धरायचे आणि आवाज आरपार जायला लागलेला वेळ बघायचा, म्हणजे माझ्याच कामाचा मोठा भाऊ. सात नंबरच्या कॉलमला ९४ मायक्रोसेकंद आले, कॉलम ३० सेंटीमीटरचा, म्हणजे सेकंदाला ३.२ किलोमीटर. आयएस १३३११ ह्या जुन्या भारतीय मानकाच्या तक्त्यात (२०१८ मध्ये त्याच्या जागी नवं मानक आलं) ३ ते ३.५ म्हणजे मध्यम, ३.५ च्या वर चांगलं, ३ च्या खाली शंका असं होतं. मुलगा म्हणाला, "मॅडम, मीडियम आहे." पण १९९२ मध्ये ह्या कॉलमचा वेग किती होता? तेव्हाही ३.२ च असेल तर तीस वर्षांत फारसं काही झालेलं नाही, ४.२ असेल तर खाडीच्या हवेने आत बरंच काम केलंय. कोणी मोजलंच नाही तेव्हा, लिहून ठेवणं तर लांबच. शिवाय ओल्या काँक्रीटमधून आवाज जरा जोरात जातो, त्यामुळे पावसाळ्यानंतर घेतलेलं रीडिंग आणि मे महिन्यातलं रीडिंग सरळ शेजारी ठेवता येत नाही. माझ्या एसीचीच गोष्ट.

मी बारावीला होते तेव्हा, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्याबरोबर दोन एसट्या. आमचा गावी जायचा रस्ता तोच. बाबा दुसऱ्या दिवशी पेपर हातात घेऊन कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मी ह्या विषयाकडे वळले ती तिथून, आणि म्हणून मला हे नवीन बिल्डिंग घेणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगावंसं वाटतं की ताबा मिळाल्या मिळाल्या, सगळं चकाचक असतानाच, दहा-बारा कॉलमांची टेस्ट करून घ्या आणि ते कागद लिफ्टच्या वॉरंटीसारखे जपून ठेवा. तीस वर्षांनी तुमच्या मुलांकडे तुलनेला काहीतरी असेल.

आमचं १९९२ तर परत येणार नाही, पण आजचं रीडिंग तरी नीट धरून ठेवता येतं. ऑडिटची मुलं जेवायला गेली तेव्हा वॉचमनकाकांकडून ऑइलपेंटचा उरलेला डबा आणला आणि जिथे जिथे प्रोब लावले होते तिथे लाल गोल काढून नंबर टाकले. काकू पिशवी खाली ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, पण ह्यावर परत प्लास्टर करतील, रंग मारतील, मग?"

बरोबर होतं त्यांचं. मग टेप आणली, काकूंनी एक टोक जमिनीला धरलं आणि मी सेक्रेटरींच्या रजिस्टरात लिहीत गेले. कॉलम ७, पूर्वेची बाजू, जमिनीपासून १२० सेंटीमीटर, ९४ मायक्रोसेकंद, ३१ डिग्री, पाऊस संपून तीन आठवडे.