वहीचं मागचं पान

लिथियम हे मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध. ते चालू असलेल्या पेशंटनं लागोपाठ दोन तारखा चुकवल्या की मी घरी जाते. फोनवर ‘बरंय’ म्हणतात, त्यावर माझा विश्वास नाही.

फेब्रुवारी सरत आला होता. बीड जिल्ह्यातली वस्ती, निम्म्या घरांना कुलपं, माणसं ऊसतोडीला गेलेली. या बाईचा नवराही गेलेला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको आजारी आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तर खर्च झालेली, म्हणून बहिणीला जोडीला घेऊन तो गेला. आमच्या ओपीडीत कुणीतरी केसपेपरवर ‘नवऱ्याने सोडले’ असं लिहून ठेवलंय. कुणालाही न विचारता. त्याचा मला अजून राग येतो.

घरी सासू आणि दोन पोरं. चहा पाचवीतल्या थोरल्यानं केला. म्हणाला, “मायचे हात लई थरथरायलेत. बशी वाजायलीय.”

लिथियमनं हात थोडे थरथरतातच. पण हिला जुलाब होत होते, उभी राहिली तर तोल जात होता. हे तिन्ही एकत्र दिसलं की औषध रक्तात साचलंय असंच धरायचं. खोदून विचारलं तेव्हा कळलं की कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेल्या आयब्युप्रोफेनच्या गोळ्या दहा दिवस चालू आहेत. त्या गोळ्यांमुळे मूत्रपिंडातून लिथियम नीट बाहेर पडत नाही. त्यात ऊन, त्यात पाणी कमी. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. केसपेपरवर मात्र ‘कुटुंबाचे समुपदेशन केले’ असा शिक्का आहे.

मग पोरानं दप्तरातून गणिताची वही काढली. मागच्या पानावर तारखा, बाप गेला त्या दिवसापासूनच्या. पुढं ‘झोपली’ किंवा ‘नाय झोपली’. शेवटच्या आठ ओळींत ‘हात’.

“दवाखान्यात आणली होती,” तो म्हणाला. “तुम्ही भाईर बस म्हणलात.”

डिसेंबरमध्ये आईसोबत आला होता तो. बाहेर बस म्हणणारी मीच होते.

108 बोलावली. रक्तातलं लिथियमचं प्रमाण 1.9 निघालं, आम्ही ते 1.2 च्या वर जाऊ देत नाही. लिथियम थांबवलं, सलाईन लावलं, बाई सावरली.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात पेशंटला साथ देणारा माणूस, अल्पवयीन चालत नाही, आणि ते योग्यच आहे. कागदावर नवऱ्याचं नाव आहे. तो तेव्हा उसाच्या फडात होता आणि रात्री उठून आईकडं बघणारा अकरा वर्षांचा होता. ‘अपत्ये’ या रकान्यात आम्ही त्याचा ‘2’ करून टाकला होता.

गाडीत बसताना त्यानं विचारलं, “आता वही लिव्हू का नको?”

मी म्हणाले, “नको. ते आमचं काम. तू खेळायला जा.” तेव्हा ते बरोबर वाटलं होतं. पण मी महिन्यातून एकदा जाणार आणि बाकीच्या रात्री तोच तिथं असणार.

गेल्या आठवड्यात पुन्हा गेले. बाप परत आलाय. थरथर, जुलाब, तोल ही तीन लक्षणं त्याच्याकडून आणि आजीकडून घोकून घेतली. वहीचं पान पुढं कोरंच होतं. निघताना आजी हळूच म्हणाली, “लिवणं सोडलंय त्यानं. पर रातच्याला उठतोय अन् मायच्या नाकाम्होरं हात धरून बघतोय.”