घरी बैल नाही, मग आसूड कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आखाजीला माहेरी गेले की विचारता, ऑफिसात डबा खाताना विचारता, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारता. "घरी बैल नाही, घोडा नाही, मग आसूड कशाला?" आणि मी बाई आहे म्हणून जरा आवाज खाली आणून पुढचा प्रश्न असतोच: "एवढा राग कोणावर आहे?"

कोणावरही नाही. नवऱ्यावर नाही, सासरच्यांवर नाही, नोकरीवर नाही. पोतराजासारखं अंगात वगैरेही काही येत नाही. मला आसूड वाजवायला आवडतो.

वाजवणं आणि मारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मारायला शिकावं लागत नाही, हातात दिला की कोणीही मारेल. वाजवायला मात्र शिकावं लागतं, आणि नीट वाजतो तेव्हा आसूड कशालाही लागलेला नसतो. मातीला, झाडाला, स्वतःच्या पोटरीला लागला की आवाज तिथेच मरतो. दांड्यापाशी तो जाड असतो, टोकाकडे निमुळता होत जातो. मनगटाच्या झटक्यानं त्यात एक वळसा पडतो आणि तो वळसा टोकाकडे धावतो. पुढे पुढे ओढायला वजन कमी उरतं, म्हणून वेग वाढतो, आणि शेवटी टोक आवाजालाही मागे टाकतं. जो कडाका ऐकू येतो तो हवेचा. २००२ मध्ये अमेरिकेत अॅरिझोना विद्यापीठातल्या गोरिएली आणि मॅकमिलन या दोघांनी गणित मांडून दाखवलं की आवाजाचं मूळ त्या धावत्या वळशात आहे. वीस अंशाला हवेत आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटरच्या आसपास असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर गेला की तो ३५८ च्या जवळ जातो, म्हणजे खान्देशातल्या उन्हाळ्यात टोकाला जास्त पळावं लागतं. ही गोष्ट मला कळली त्या दिवशी मी किती खूश होते, ते तुम्हाला सांगायचा मी खूपदा प्रयत्न केला. तुम्ही पुन्हा रागावरच आलात.

पहिला आसूड सारंगखेड्याच्या यात्रेतला. दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, तिथे खोगीर, लगाम आणि घुंगरांच्या दुकानात तो टांगलेला होता. चामडं कडक होतं, वळसा मध्येच अडायचा. मग ऑस्ट्रेलियातल्या लोकांचे व्हिडिओ बघितले. तिकडे गुरं हाकायचा चाबूक आता खेळ झालाय, स्पर्धा होतात, दोन्ही हातांत दोन चाबूक घेऊन तालावर वाजवतात. त्यांचे चांगले चाबूक कांगारूच्या कातड्याचे, कारण ते पातळ कापलं तरी तुटत नाही. मला ते परवडणारं नव्हतं. मी नायलॉनच्या दोरीची वेणी घालून माझा आसूड स्वतः विणला. टोकाला दोऱ्याची शेपटी लावते: शिवणाचा दोरा आठपदरी घ्यायचा, एक टोक दारात अडकवून पीळ द्यायचा, पीळ पुरेसा चढला की मध्यावर दुमडायचा, म्हणजे तो आपोआप स्वतःभोवती गुंडाळतो, आणि खाली गाठ मारायची. आसूड वाजायला लागला की ही शेपटी कापसाच्या बोंडासारखी फुलते, झिजते, बदलावी लागते. ती झिजलेली बघितली की सराव नीट झाला हे कळतं.

ताकदीचं विचारता, तर ताकद लागत नाही. ताकद लावली तर उलट बिघडतं.

हे सगळं मी वर्षानुवर्षं ठासून सांगत आले. यात हिंसा नाही, हा खेळ आहे, हे विज्ञान आहे. बैलगाडा शर्यतींचा विषय निघाला की मी तेही जोडायची: शर्यतींना परवानगी मिळाली तीसुद्धा बैलाला चाबूक-काठी लावायची नाही या अटीवर, मग माझा आसूड तर त्याहून निरुपद्रवी, समोर बैलच नाही. त्या बोलण्यात मला कुठेही फट दिसत नव्हती.

मग आबा आले.

आबा आमच्या आजोबांच्या वेळेपासून आमच्याकडे सालदार होते. आता थकलेत, काम सुटलंय, पण सकाळी सवयीनं वावरात येतात आणि विहिरीच्या कठड्याशी बसतात. हिवाळ्याचे दिवस होते. केळी काढून झालेल्या रिकाम्या वावरात मी सराव करत होते. डोक्यावरून फिरवून पुढे सोडायचा प्रकार हाताला बसत आला होता आणि मी एकामागून एक आवाज काढत होते. मागे ते कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही.

"कोनले माराले शिकी ऱ्हायनी व माय?"

त्यांनाही मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. कोणालाच नाही आबा, नुसता आवाज. त्यांनी हात पुढे केला. "दे आठे." मी गॉगल काढून देऊ लागले, तो त्यांनी घेतला नाही. दांडा दोनदा हातात तोलला, अंगठा वर धरला, मी कुठल्याच व्हिडिओत बघितला नव्हता तसा, आणि कोपर अंगाशी ठेवून फक्त मनगट हलवलं. आवाज माझ्यापेक्षा कोरडा आणि स्वच्छ आला. बांधावरचे बगळे उडाले. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदल नाही.

"चांगला गाडीवान बैलले हात लावत नही. आवाज पुरस."

मला इतका आनंद झाला! माझंच म्हणणं, आयुष्यभर बैल हाकलेल्या माणसाच्या तोंडून. मी म्हटलं, आबा, हेच तर मी सगळ्यांना सांगते, लागतच नाही तो कोणाला. ते आसूड गुंडाळत होते. खाली बघतच बोलले.

"पन एकदाव लागेल पाहिजे. लागेल नही, त्याले आवाजनं भ्याव कसानं?"

आणि माझ्या हातात दांडा देताना, साध्या आवाजात, हवापाण्याचं बोलावं तसं: "माले बी लागेल शे."

मी विचारलं नाही कोणी ते. विचारायची गरज नव्हती. त्या वावरात आसूड धरणारे हात आबांचे, नाहीतर आमच्या घरचे. मला खांद्यावर बसवून पोळ्याचे बैल दाखवायला नेणारे आजोबा आमच्याच घरचे. आबा परत विहिरीकडे गेले. मी तिथेच उभी होते, आणि खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो आबांचा नव्हता. माझं उत्तर गेलं, हा होता.

काही दिवस आसूड खुंटीवरच राहिला. मग पुन्हा काढला. का काढला, तर हात मागत होता. यापेक्षा भारदस्त कारण माझ्याकडे नाही आणि मी ते बनवणारही नाही.

पूर्वीची मी अजून भांडते. ती म्हणते, मारलं ते माणसानं, आसुडानं नाही. मी तिला सांगते, हे वाक्य दांडा धरणाऱ्यालाच सुचतं. ती म्हणते, मग विळा ठेवायचा नाही, कुऱ्हाड ठेवायची नाही? त्यावर मी गप्प बसते, कारण तिचं ते पटतं. पण विळ्यानं गवत कापता येतं. आसूड एवढा निगुतीनं घडवला गेला तो भीती घालायला, आणि मला त्यातलं जे सुंदर वाटतं, तो वळसा, तो वेग, ते त्याच कामासाठी घडत घडत इथवर आलंय. हे मला आबांच्या आधी दिसायला हवं होतं का? कदाचित. तरीही आवाज बरोबर निघतो तेव्हा मला जो आनंद होतो तो खोटा आहे, असं मी कोणाला म्हणू देणार नाही. तुम्हालाही नाही.

एवढं मात्र बदललंय. आबा विहिरीवर असले की मी वाजवत नाही. त्यांनी तसं कधी सांगितलं नाही. एकदा तर स्वतःच म्हणाले, वाजाड ना. मला हात उचलवला नाही. शेजारच्या गोठ्यात गुरं बांधलेली असली तरी थांबते. अंगठा आता त्यांच्यासारखा वर धरते, त्यानं खरंच फरक पडतो.

भाचीला शिकायचंय. तिला डोळ्यांना गॉगल, डोक्याला टोपी, कानात बोळे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून यायला सांगितलंय, आणि पहिले काही आठवडे नुसती दोरी फिरवायची. आबांचं तिला कधी सांगायचं, पहिला आवाज निघायच्या आधी की नंतर, यावर माझं आणि वहिनीचं अजून जमलेलं नाही. वहिनी म्हणते आधी. मी म्हणते, एकदा तरी तिला नुसता आवाज ऐकू दे.